पहिला खेळ गोष्टवालीचा

मित्रांनो, मी एक जुना निवेदक आहे. निवेदक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोट घातलेला, हातात माइक धरलेला कुणी माणूस आला असेल. तो मी नव्हे. मी लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा आहे. वरळीच्या बीडीडी चाळींत चौदा एप्रिलच्या जयंतीला हलत्या बाहुल्यांचा देखावा व्हायचा. त्यात डाव्या कोपऱ्यात स्टुलावर बसून गोष्ट सांगणारा म्हातारा तो मी. बटण दाबलं की माझा जबडा वरखाली होतो आणि पडद्यामागून कुणीतरी बोलतं. लोकांना वाटतं मीच बोलतो आहे. आयुष्यभर त्या गैरसमजावर मी मान मिळवला.

सध्या मी रे रोडला, लाकडाच्या एका वखारीमागच्या गाळ्यात पडून आहे. शेजारी दिव्यांच्या माळांची पोती आहेत आणि एक मोडकी कमान आहे. त्यांना सांगून काय होणार? म्हणून तुम्हाला सांगतो. घाईने सांगतो, कारण चाळीतली राधाबाय आता फार थकली आहे. तिची गोष्ट माझ्या तोंडात कोंबून बिघडवली गेली, आणि ती दुरुस्त करायला फारसा वेळ उरलेला नाही.

पण सुरुवातीपासून सांगायला हवं. वरळी कोळीवाड्यात महादेव नावाचा होड्या बांधणारा एक सुतार होता. चाळीतला बुधाजी गिरणी बंद पडल्यावर तिथल्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या उचलायला जायचा, तेव्हापासून दोघांचं गूळपीठ. बुधाजीने त्याच्याकडे एक हलता म्हातारा मागितला. महादेवने मोडीत निघालेल्या होडीची फळी घेतली, तिचा माझा सांगाडा केला, जबड्याला गाडीच्या वायपरची मोटर लावली आणि वर लगदा चढवून चेहरा घडवला. तोवर सगळं छान होतं. मग त्याने डोळे रंगवले. एक डोळा देखाव्याकडे, दुसरा लोकांकडे.

बुधाजी म्हणाला की चुकलं का काही? महादेव म्हणाला, "चुकायला मी काय प्यायलोय? गोष्ट सांगणाऱ्यानं दोन्हीकडं बघायचं असतं. नाहीतर तो नुसता ओरडतो."

तेव्हापासून चाळीतली पोरं मला चकण्या म्हणत. आधी मला राग यायचा, पुढे सवय झाली. खरं सांगायचं तर त्या तिरक्या डोळ्यामुळेच मला माझं काम कळलं. देखाव्यात काय चाललं आहे ते दिसायचं आणि ते ऐकून समोरच्या माणसांच्या तोंडावर काय होतं तेही दिसायचं. दोन्हींच्या मधोमध निवेदकाची जागा असते, मित्रांनो. ती मोठी अडचणीची जागा आहे.

माझा आवाज बुधाजीचा होता. तो पडद्यामागे माइक घेऊन बसायचा, पडद्याला पाडलेल्या भोकातून लोकांकडे बघत बोलायचा. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या असल्या तर सावकाश, पोरं चुळबुळायला लागली तर जरा भरभर. टेप करून ठेव, दरवेळी घसा कशाला फोडतोस, असं त्याला कितीजणांनी सांगितलं. तो ऐकायचा नाही. समोरची माणसं रोज वेगळी, मग सांगणं तेच कसं चालेल, असं त्याचं म्हणणं. दरवर्षी देखाव्यात एक गोष्ट असायची आणि ती चाळीतल्याच कुणाची तरी असायची. बाकीच्या मंडळांचे देखावे मोठमोठे असत. आमच्याकडे गर्दी गोष्टीला व्हायची.

आणि आमचा एक नियम होता. देखावा लोकांना खुला करण्याआधी दुपारी एक खेळ व्हायचा, त्याला फक्त एकच प्रेक्षक. ज्याची गोष्ट असेल तो. त्याला समोर लोखंडी खुर्चीत बसवायचं, दिवे लावायचे आणि सगळी गोष्ट त्याला ऐकवायची. तो जे म्हणेल ते शेवटचं. त्याने एक शब्द खोडला तर तो गेला. त्याने मान हलवली तरच संध्याकाळी पडदा वर. ह्याला चाळीत पहिला खेळ म्हणत. ह्या नियमापुढे मंडळाच्या अध्यक्षाचंही काही चालायचं नाही.

राधाबायच्या गोष्टीचा पहिला खेळ मला काल झाल्यासारखा आठवतो.

गोष्ट अशी होती. रत्नागिरीकडचं एक गाव. पायऱ्यांची विहीर. आपल्या माणसांनी त्या पायरीला पाय लावायचा नाही, वर उभं राहायचं आणि कुणी येऊन कळशीत पाणी ओतेल तेव्हा घ्यायचं. राधा लहान होती, तिची बहीण नलू तिच्याहून मोठी. वैशाखातली एक सकाळ. घरी आई तापाने फणफणलेली. दोघी बहिणी विहिरीशी उभ्या राहिल्या. समोर गावचा मालक, म्हणजे खोत, त्याचं घर. त्याच्या आणि शेजारच्या ओट्यांवर माणसं पान खात बसलेली. दोघींनी हाका मारल्या. ऊन डोक्यावर आलं. कोणी उठलं नाही. मग नलू चपला काढून पायऱ्या उतरली. कळशी भरून वर आली, तेव्हा दगड सुरू झाले. एक दगड तिच्या कपाळाला लागला. कळशी तिने सोडली नाही. त्याच आठवड्यात त्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. मुंबईला आल्यावर नलू फार वर्षं जगली नाही. तिचा एकही फोटो कुणाकडे नाही.

महादेवने नलूच्या बाहुलीला सायकलची साखळी लावली होती. तिच्यावर ती पायऱ्या उतरायची आणि चढायची. ओट्यावरच्या माणसांना मात्र त्याने मोटर दिलीच नाही. ती नुसती बसलेली.

बुधाजीने जीव ओतून गोष्ट सांगितली. खुर्चीत राधाबाय मांडीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली, "बिचाऱ्या बिचाऱ्या काय लावलंयस रे? बिचाऱ्या नव्हतो आम्ही. तहानलेल्या होतो."

बुधाजीने तो शब्द काढला. पुन्हा सांगितली. तिने पुन्हा मान हलवली नाही. ती म्हणाली की कोणी उठलं नाही म्हणतोस आणि लगेच नलूला उतरवतोस. आम्ही किती वेळ उभ्या होतो, ते कुठे आहे? तू थांबलाच नाहीस.

तेव्हापासून बुधाजी तिथे थांबायला लागला. "कोणी उठलं नाही," एवढं म्हणायचा आणि गप्प व्हायचा. माझा जबडा उघडाच राहायचा. उजेड त्या बसलेल्या बाहुल्यांवर. लोक वाट बघायचे. कुणीतरी खोकायचं, मग तेही बंद व्हायचं. मला एका डोळ्याने ती माणसं दिसायची, आणि मी शपथेवर सांगतो, काहीजण बसल्या जागी पुढे सरकायचे, आपणच उठावं की काय अशा बेताने. त्यांना पुरतं अस्वस्थ करूनच बुधाजी नलूला पायऱ्या उतरवायचा. माझी वाहवा व्हायची. पेपरात माझा फोटो आला. बोलला बुधाजी, थांबायला शिकवलं राधाबायने, आणि हार माझ्या गळ्यात. निवेदकांचं असंच असतं.

मग करोनाच्या साथीत बुधाजी गेला. देखावे बंद पडले. मला मंडळाच्या खोलीत कॅरम बोर्डाच्या मागे उभं केलं. माझ्या स्टुलावर कुणीतरी रंगाचे डबे ठेवले. महादेव त्याच्याही आधी गेला होता. पुढच्या जयंतीला गाणी वाजवणाऱ्या स्पीकरच्या भिंती आल्या, त्यांच्या हादऱ्याने माझ्या गालाचा पोपडा उडाला. मला वाटलं, आपलं संपलं. संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

यंदा चाळीतली शेवटची जयंती होती. समोर टॉवर उभे राहिले होते, घरांच्या चाव्या मिळायच्या होत्या. राधाबायचा नातू अभय मंडळाचा सेक्रेटरी झाला होता. पोरगा गुणाचा, आजीवर जीव टाकणारा. लग्नाकार्यांचे, कंपन्यांचे कार्यक्रम सजवून देणं हा त्याचा धंदा. चाळ सोडण्याआधी आजीची गोष्ट एकदा झोकात करायची, असं त्याने ठरवलं. त्याने मला स्वतः पुसलं, गालाला लगदा लावला, नवीन मोटर बसवली. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता.

बोलायला बुधाजी नव्हता, म्हणून अभयने दादरच्या एका स्टुडिओत आवाज भरून घेतला. तिथल्या लिहिणाऱ्याने त्याला दोन गोष्टी सांगितल्या, हे अभय माझ्यासमोरच मित्राला सांगत होता. एक, मध्ये एवढी शांतता ठेवली तर लोकांना वाटेल स्पीकर बंद पडला. दुसरी, शेवट फार कडू आहे, माणसं मुलाबाळांना घेऊन येतात. मग त्या रिकाम्या जागेत काहीतरी घालायला हवं होतं. लिहिणाऱ्याने खोताचा धाकटा मुलगा घातला. तो ओट्यावरून उठतो, विहीर उतरतो, पाणी आणून दोघी बहिणींच्या ओंजळीत ओततो. सगळ्यांचे डोळे पाणावतात. अभयला ते आवडलं. आजीच्या आयुष्यात निदान गोष्टीत तरी कुणीतरी उठावं, असं त्याला वाटलं असेल. मी त्याला वाईट म्हणत नाही.

पण साखळी एकच होती. ती नलूच्या बाहुलीची काढून पांढरा सदरा घातलेल्या त्या नव्या बाहुल्याला लावली. नलू काठावर हात जोडून उभी राहिली.

आता तुम्ही विचाराल, पहिला खेळ? तो झाला नाही. आजीला सरप्राइज द्यायचं होतं ना! मायेपोटीच नियम मोडला. जुन्यांपैकी एकदोघांनी कुरकुर केली, पण शेवटचं वर्ष आहे, पोराचा हिरमोड कशाला, म्हणून तेही गप्प बसले.

संध्याकाळी मैदान भरलं. राधाबाय पांढऱ्या साडीत, पुढच्या खुर्चीत. बटण दाबलं गेलं. माझ्या तोंडून एक भरदार, गुळगुळीत आवाज निघाला. त्याने माझ्या ओळखीची सगळी वाक्यं म्हटली, वैशाख, ताप, ऊन. आणि मग तो म्हणाला, "पण तेवढ्यात..."

मित्रांनो, तुमच्या तोंडून कधी असं कुणी बोललं आहे का? मी जबडा मिटायचा प्रयत्न केला. लाकडाने जेवढी करता येते तेवढी धडपड केली. मोटर नवीन होती, चांगल्या कंपनीची. ती मला उघडत राहिली आणि खोताचा मुलगा माझ्या तोंडातून उठत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राधाबाय खुर्चीतून उठली, देखाव्याजवळ आली आणि तिने माझा गुडघा धरला.

"असं नव्हतं रे," ती मला म्हणाली. "तुला ठाऊक आहे ना? असं नव्हतं."

मला ठाऊक होतं. मी तिच्या डोक्यावरून लोकांना सांगत होतो की खोताच्या मुलाचं काळीज लोण्याचं होतं. अभयने येऊन तिला हाताला धरून परत नेलं. लोक बघताहेत आजी, आपण नंतर बोलू, म्हणाला. लोकांना वाटलं म्हातारी भारावली आहे.

नंतर ते बोलले. तिने त्याला सगळं सांगितलं, तो वरमलाही. पण स्टुडिओवाला बाहेरगावी गेला होता, देखावा आठवडाभर चालायचा होता, आणि एक माणूस वाढवल्याने असं काय बिघडतं, असं त्याने स्वतःचं समाधान करून घेतलं. राधाबाय रोज येऊन बसायची. का येत होती? देखाव्यात नलू होती म्हणून. तेवढीच एक नलू होती तिच्याकडे.

खेळ रोज संध्याकाळी एकामागून एक चालायचे. प्रत्येक खेळानंतर लोक तिला नमस्कार करायला यायचे आणि त्या मुलाबद्दल बोलायचे. पहिले दोनतीन दिवस ती म्हणायची की कोणी उठलं नव्हतं. लोक हसून म्हणायचे, असू दे हो, चांगलं तेवढं घ्यावं. मग ती नुसती मान हलवायला लागली. मला हे सगळं एका डोळ्याने दिसत होतं, आणि माझं तोंड चालूच होतं. ढोल बडवून बडवून खोटंही खरं करता येतं म्हणतात. बडवल्या जाणाऱ्या ढोलाला विचारा त्याला काय वाटतं.

शेवटच्या दिवशी दुपारी देखावा उतरवायला घेतला. अभय माझ्या स्टुलाचे नट-बोल्ट काढत होता. राधाबाय सवयीने येऊन खुर्चीत बसली होती. शेजारची कालिंदी तिच्यासाठी चहा घेऊन आली. कालिंदीने बुधाजीच्या तोंडून ही गोष्ट कितीदा ऐकली होती.

"काही म्हणा राधाबाय," कालिंदी म्हणाली, "एक तरी माणूस निघाला त्या गावात. बुधाजीभाऊ ते सांगायचे विसरायचे वाटतं."

राधाबायने चहाचा घोट घेतला. "हो," ती म्हणाली. "निघाला खरा."

अभयच्या हातातला पाना थांबला. तो येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने तिला हळूच विचारलं, कोणी उठलं नव्हतं ना आजी, तूच तर सांगायचीस. ती म्हणाली, उठला होता की, धाकटा. पांढरा सदरा होता त्याचा.

"आजी, त्याला मी घातलाय," अभय म्हणाला. "दादरला. तो नव्हताच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी तो काही वेडंवाकडं बोलला की बघायची तशी. "तुला काय माहीत? तू होतास तिथं? मी होते."

मग अभयने जे केलं ते मी विसरणार नाही. त्याने कालिंदीला बाजूला बसवलं, दिवे लावले, साखळी काढून पुन्हा नलूला जोडली. साखळी दोनदा निसटली. मग पडद्यामागे बुधाजीच्या जागी जाऊन बसला, माझी मोटर सुरू केली आणि जमेल तशी, आठवेल तशी गोष्ट सांगायला लागला. राहून गेलेला पहिला खेळ तो आता करत होता. शब्द मागेपुढे होत होते, पण गोष्ट खरी होती. किती वर्षांनी माझ्या तोंडात खरी गोष्ट आली! बिचाऱ्या म्हणाला नाही तो. तहानलेल्या म्हणाला.

"कोणी उठलं नाही," अभय म्हणाला आणि थांबला.

मीही थांबलो. उजेड ओट्यांवर होता. मैदानात कुणी नव्हतं. मी माझ्या चकण्या डोळ्याने राधाबायकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आठव बाई, आठव. नलू साखळीवर उभी आहे, तुझी वाट बघते आहे.

राधाबायने मान हलवली. आडवी.

"चुकतोयस तू," ती म्हणाली. "तो उठला ते राहिलं."

ज्याची गोष्ट त्याचा शब्द शेवटचा. चाळीने हा नियम कधी मोडला नव्हता. एकदाच मोडला, तो अभयने मोडला, आणि आता पाळायला गेला तर नियम असा उलटला. त्याने बटण बंद केलं. पडद्यामागून तो किती तरी वेळ बाहेर आला नाही. कालिंदीने राधाबायला हात देऊन उठवलं आणि घरी नेलं. त्यानंतर मला टेंपोत घालून इथे आणून टाकलं.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कुणाची गोष्ट सांगाल. आजोबांची सांगाल, शेजारणीची सांगाल, शाळेच्या स्टेजवर उभे राहून सांगाल. सांगायच्या आधी ज्याची गोष्ट आहे त्याला एकदा ऐकवा. तो जिथे थांबा म्हणेल तिथे थांबा. ती जागा रिकामी दिसते म्हणून तिथे दुसरा माणूस आणून बसवू नका, तो कितीही चांगला असला तरी. ऐकवायला उशीरही करू नका. उशीर झाल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे.

एवढं सांगून मला गप्प बसता आलं असतं. पण मला एक मागायचं आहे, आणि मागायला तुमच्याशिवाय कुणी नाही. नलूचं काय झालं ते अभयला ठाऊक आहे, पण आजी त्याचं ऐकत नाही. मला ठाऊक आहे, पण मला आवाज नाही. राधाबाय अजून आहे. नव्या टॉवरमध्ये वरच्या कुठल्यातरी मजल्यावर खिडकीशी बसलेली असेल. तुमच्यापैकी कुणीतरी तिच्याकडे जा. खोताच्या मुलाचं नाव काढू नका, देखाव्याचंही नको. तिला विचारा, नलूच्या कपाळावर खूण कसली होती? कळशी कुणाच्या डोक्यावर होती? पायऱ्या तापलेल्या होत्या का? एवढंच विचारा आणि थांबा. ती बोलेपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, थांबा.